आधी घरी या

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आता परदेशवारीचं कुणाला फारसं अप्रूप राहिलेलं नाही. निघोजे, खराबवाडी, महाळुंगे इंगळे या गावांच्या शिवारात जे कारखाने उभे राहिले, त्यांतले कितीतरी जर्मन, कोरियन, जपानी कंपन्यांचे, नाहीतर त्यांना माल पुरवणाऱ्यांचे. नवी लाइन बसवायची असते, तिकडच्या प्लांटमध्ये मशीनची चाचणी बघून ताबा घ्यायचा असतो, नव्या मॉडेलचं ट्रेनिंग असतं. मग क्वालिटीतला, मेंटेनन्समधला, टूलरूममधला एखादा पंचवीस-सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर बिझनेस व्हिसावर काही आठवड्यांसाठी जर्मनीला जातो. शनिवार-रविवार मोकळा असतो. तो शहर फिरतो, तांत्रिक विद्यापीठाच्या आवारात डोकावतो, तिथं शिकणारा कॉलेजातला मित्र भेटतो, बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं शिकवणी फी घेत नाहीत हे कळतं. त्या रात्री घरी फोन जातो : "आलोच आहे, तर इथंच ॲडमिशन घेऊन थांबता येईल का?"

निगडी प्राधिकरणात, मोशीत, पिंपळे सौदागरात हाच प्रश्न दुसऱ्या वाटेनं येतो. थोरली लेक न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणाला आई निघते आणि नुकतीच बी.ई. झालेली धाकटी सोबत जाते, व्हिजिटर व्हिसावर. महिनाभरात जावईबापू म्हणतात, "आई, हिला परत कशाला पाठवता? इथंच एम.एस.ला टाकू." मेलबर्नला भावाकडे गेलेल्याचंही तेच, टोरंटोला मावशीकडे गेलेल्याचंही तेच.

बहुतेक देशांचं उत्तर एकच आहे : आधी घरी जा, तिथून अर्ज कर. पण कुणाला नाही म्हणायचं आणि कुणाला हो, हे प्रत्येक देशाचं वेगळं आहे. 'नाही' म्हणण्यामागची कारणंही वेगळी आहेत, आणि त्यांतली काही मला पटत नाहीत.

जर्मनीपासून सुरुवात करू, कारण या पट्ट्याचं त्या देशाशी नातं जुनं आहे. आकुर्डीच्या फिरोदियांचा टेम्पो मूळ जर्मन कंपनीच्या सहकार्यातला. टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार केला तो १९५४ साली, जमशेदपूरला. पण नव्वदच्या दशकात मर्सिडीज भारतात आली तेव्हा पहिल्या गाड्या जोडल्या गेल्या त्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. ३१ मार्च २००९ रोजी चाकणला फोक्सवागनच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी मर्सिडीजही चाकणला गेली. पुण्यात जर्मन शिकायचं म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवन, हे तर आपल्या आजोबांच्या पिढीलाही ठाऊक होतं. त्यामुळे या भागातल्या मेकॅनिकलच्या मुलांच्या डोक्यात अमेरिकेच्या शेजारी जर्मनी असतेच. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथं ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आपला.

आता तो इंजिनिअर. त्याच्या पासपोर्टावर असतो शेंगेन व्हिसा : कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. मीटिंग, ट्रेनिंग, नातेवाइकांची भेट, पर्यटन यांसाठी तो पुरतो. शिक्षणासाठी लागतो तो राष्ट्रीय व्हिसा, आणि तो देशात शिरण्यापूर्वी घ्यावा लागतो. जर्मन निवास कायद्याचं म्हणणं असं की माणूस ज्या कामासाठी राहणार, त्या कामाचा व्हिसा घेऊनच त्यानं आत यावं. कायद्यात अपवाद आहेत, पण ट्रेनिंगला आलेला आणि विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात आलेला मुलगा त्यांत सहसा बसत नाही. परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयात तो गेला तर त्याला सभ्य भाषेत भारतात जाऊन मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे अर्ज करायला सांगतात.

इथवर मला नियमात काही वावगं वाटत नाही. खटकतो तो पुढचा भाग. ऑस्ट्रेलिया, इस्रायल, जपान, कॅनडा, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या देशांच्या नागरिकांना जर्मनी व्हिसाशिवाय आत घेते आणि पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिथल्या तिथं विद्यार्थी म्हणून निवास परवाना मागू देते. म्हणजे चाकणच्या एकाच कारखान्यातून एकाच ट्रेनिंगला एक कोरियन इंजिनिअर आणि एक मंचरचा इंजिनिअर गेला, दोघांनी एकाच विद्यापीठात प्रवेश मिळवला, तर कोरियन माणूस पुढच्या सोमवारी कार्यालयात जाऊन अर्ज भरेल आणि मंचरचा माणूस विमान पकडून घरी येईल. मार्क सारखे, अनुभव सारखा, फरक पासपोर्टाच्या कव्हरचा. जर्मन अधिकारी याला देशादेशांतले करार आणि जोखमीचं मोजमाप म्हणतील. म्हणोत. आपल्या पोरानं त्यावर वाद घालून काही हाती लागत नाही, एवढं मात्र खरं.

घरी आल्यावर करायचं काय? भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालं. दिल्लीच्या जर्मन दूतावासाशी जोडलेलं हे मूल्यमापन केंद्र मार्कशीट आणि पदव्या खऱ्या आहेत का ते तपासतं. फी १८,००० रुपये. मग ब्लॉक्ड अकाउंट : वर्षभराचा खर्च आधीच एका खात्यात भरायचा आणि तिथं गेल्यावर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, महिन्याला ९९२. रुपयांत हे दहा लाखांच्या पुढं जातं. त्यावर व्हिसाची फी ७५ युरो, आरोग्य विमा, आणि निकालाची काही आठवड्यांची, कधी तीन महिन्यांची वाट. फी नाही म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हेही बघावं की श्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे, ते राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. मर्सिडीज आणि बॉशमुळे आपल्या मुलांना नेमकं तेच शहर ओळखीचं असतं.

ज्याला प्रवेश अजून पक्का झालेला नाही, पण तिथं जाऊनच शोधायचा आहे, त्याच्यासाठी जर्मनीनं वेगळा व्हिसा ठेवला आहे : विद्यार्थी-अर्जदाराचा, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. त्यावर गेलं की प्रवेश मिळाल्यावर तिथंच विद्यार्थ्याचा परवाना घेता येतो. म्हणजे 'जाऊन बघतो' याला सरळ वाट आहे. पण ती सुरू होते मुंबईहून.

पूर्वी असं नव्हतं. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या उतरल्या तेव्हा कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश पक्का नव्हता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या पाहुण्या म्हणून राहिल्या. तिथून त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या तिथं शिकू लागल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. व्हिसा हा प्रकारच नव्हता. आदल्या वर्षी अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला होता आणि बोटीनं येणाऱ्या परक्या माणसामागं ५० सेंट कर लावला होता. बाकी दार उघडं. आजच्या भाषेत सांगायचं तर आनंदीबाई व्हिजिटर म्हणून गेल्या आणि तिथंच विद्यार्थिनी झाल्या.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ साली तिथूनच लंडनला. मध्ये मुंबईला येऊन कुठल्या खिडकीपुढं उभं राहावं लागलं नाही. लढत होती ती बडोदे सरकारच्या परवानगीशी आणि शिष्यवृत्तीच्या मुदतीशी. भारतात पासपोर्टचा कायदा आला १९२० साली. त्यानंतरही, लंडनला शिकत असतानाच, १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. लंडनच्या कामामुळे तिथलं शिक्षण पुढं सरकलं नाही, ती गोष्ट वेगळी. एका परक्या देशात राहून दुसऱ्या परक्या देशातला प्रवेश मिळवायचा, हे त्या पिढीला अजिबात जगावेगळं नव्हतं. दारं नंतर बंद झाली. काही मजुरांच्या भीतीनं, काही युद्धांमुळे, आणि एक दार मात्र एका अत्यंत विचित्र टपालामुळे.

११ मार्च २००२. फ्लोरिडातल्या व्हेनिस गावच्या हफमन एव्हिएशन या विमान प्रशिक्षण शाळेत सरकारी पत्रं आली. दोन परदेशी तरुणांना विद्यार्थी म्हणून राहण्याची मंजुरी मिळाल्याची ती पत्रं होती. नावं होती मोहम्मद अता आणि मरवान अल-शेही. सहा महिन्यांपूर्वी याच दिवशी या दोघांनी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर विमानं आदळली होती. दोघंही अमेरिकेत आले होते पाहुण्याच्या व्हिसावर. तिथं पोचल्यावर त्यांनी विद्यार्थी दर्जासाठी अर्ज केला होता, आणि मंजुरी येण्याची वाट न बघता विमान चालवायला शिकायला सुरुवातही केली होती. मंजुरी हल्ल्याआधी मिळाली होती, पण कागद शाळेत पोचले ते हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी. देशभर संताप उसळला. १२ एप्रिल २००२ पासून नियम झाला : पाहुण्याच्या दर्जावर असलेल्या माणसानं विद्यार्थी दर्जाची मंजुरी हातात येण्यापूर्वी वर्गात बसायचं नाही.

तो नियम आजही आहे, आणि पिंपळे सौदागरच्या त्या धाकट्या लेकीला तोच आडवा येतो. अमेरिका हा मोजक्या देशांपैकी एक, जिथं पाहुण्याला विद्यार्थी होण्यासाठी देशात राहून अर्ज करता येतो. पण म्हणून वाट सोपी नाही. विमानतळावर तिला सहसा सहा महिने मिळतात. ती मुदत संपायच्या आत आय-५३९ हा अर्ज जायला हवा. ऑनलाइन ४२० डॉलर, कागदावर ४७०. त्याआधी विद्यापीठानं दिलेला आय-२० हा प्रवेशाचा कागद हवा, विद्यार्थी नोंदणीची ३५० डॉलरची फी भरलेली हवी, वर्षाचा खर्च झेपेल याचे कागद हवेत. मग महिनोन् महिने वाट. सत्र ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि मंजुरी आली नाही, तर वर्गात जाता येत नाही. विद्यापीठाला सांगून प्रवेश पुढच्या सत्रावर न्यावा लागतो. एके काळी सत्र सुरू होण्याच्या महिनाभर आधीपर्यंत पाहुण्याचा दर्जा जिवंत ठेवावा लागे, त्यासाठी मुदतवाढीचे अर्जावर अर्ज करावे लागत. २० जुलै २०२१ ला अमेरिकी खात्यानं ती अट काढली, हाच काय तो दिलासा. मधेच आजीची तब्येत बिघडली म्हणून ती भारतात आली, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

मंजुरी मिळाली तरी मिळतो तो दर्जा. पासपोर्टावरचा एफ-१ व्हिसा नव्हे. दोन वर्षांनी चुलतभावाच्या लग्नाला आकुर्डीला आली की परत जाण्यासाठी तिला मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत द्यावीच लागते. तिथला अधिकारी हमखास विचारतो : बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून गेलात, मग कॉलेज कधी ठरलं? या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असणारी माणसं असतात. पण जिचा बेत पहिल्यापासून शिकायचाच होता, तिनं व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीत ते सांगायला हवं होतं. कॉलेज बघायला जाणाऱ्यासाठी तशी नोंद व्हिसावर करून देण्याची सोय अमेरिकेच्या पद्धतीत आहे. ती कुणी मागत नाही, कारण एजंट सांगतो, "तोंड उघडू नका, फिरायला जाते म्हणा." माझ्या मते सगळा घोळ इथं सुरू होतो. पाहुण्याचा व्हिसा ही परत येण्याची लेखी कबुली असते. ती देतानाच मोडायचं ठरवलं असेल, तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर त्याचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

ऑस्ट्रेलियानं हा प्रश्न एका फटक्यात मिटवला. तिथं पाहुणा म्हणून जायचं, मग कुठल्या तरी छोट्या कॉलेजात नाव घालून विद्यार्थी व्हायचं, तो कोर्स संपला की दुसरा, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. सरकारनंच दिलेला आकडा असा की १ जुलै २०२३ पासून मे २०२४ अखेरपर्यंत, म्हणजे अकरा महिन्यांत, पाहुण्यांचे ३६,००० हून अधिक विद्यार्थी-अर्ज देशातूनच दाखल झाले. १ जुलै २०२४ पासून ते बंद. व्हिजिटर व्हिसावर असलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियात राहून विद्यार्थी व्हिसाचा अर्जच करता येत नाही. त्याच दिवशी विद्यार्थी व्हिसाची फी ७१० वरून १,६०० डॉलर केली, आणि वर्षभरानं २,०००. भावाकडे मेलबर्नला जाऊन 'मग बघू' म्हणणाऱ्यांना कुणीतरी हे सांगायला हवं, कारण दोन-तीन वर्षांपूर्वी तसं करून तिथं राहिलेला ओळखीचा मुलगा प्रत्येक सोसायटीत असतो आणि लोक त्याचाच दाखला देतात. तो खरंच बोलत असतो. फक्त त्याचा नियम आता उरलेला नाही.

ब्रिटनमध्ये पाहुण्याला देशात राहून विद्यार्थी होता येत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतला सहा महिन्यांपर्यंतचा कोर्स तो पाहुणा म्हणूनच करू शकतो. त्यापुढं बाहेर जाऊन अर्ज. कॅनडात ठरावीक परिस्थितीतल्यांनाच आतून अर्ज करता येतो. तिथं आणखी एक युक्ती चाले : मोटारीनं अमेरिकेच्या सीमेवर जायचं, पलीकडून वळून यायचं आणि परतीच्या नाक्यावरच परवाना घ्यायचा. २३ डिसेंबर २०२४ च्या रात्रीपासून शिक्षण आणि कामाच्या परवान्यांसाठी तीही बंद झाली. न्यूझीलंड मात्र अजून पाहुण्याला आतून विद्यार्थी व्हिसा मागू देतं. तेवढं एकच नाव ऐकून कुणी लगेच ऑकलंडचं तिकीट काढू नये. खर्चाचे पुरावे आणि खऱ्या हेतूची तपासणी तिथंही आहेच.

आणखी एक वाट होती, तिसऱ्या देशाची. २०२२-२३ मध्ये मुंबईत अमेरिकी व्हिजिटर व्हिसाच्या मुलाखतीसाठी दीड-दोन वर्षांची रांग झाली होती. तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, दिल्लीच्या अमेरिकी दूतावासानंच जाहीर केलं की परदेशी जाणार असाल तर तिथल्या दूतावासात वेळ मिळते का बघा. उदाहरण दिलं बँकॉकचं. लोक खरंच थायलंडला सहलीला गेले आणि अमेरिकेचा व्हिसा घेऊन आले. विद्यार्थ्यांनीही तीच वाट धरली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेनं पलटी मारली : अर्जदारानं आपल्या नागरिकत्वाच्या किंवा कायम राहण्याच्या देशातच मुलाखत द्यावी. दुबईत नोकरी करणाऱ्या तळेगावच्या माणसाला दुबईत अर्ज करता येतो, कारण तो तिथला रहिवासी आहे. चार दिवस फिरायला गेलेल्याला येत नाही. अडीच वर्षांत आमंत्रणाचं मनाईत रूपांतर झालं. 

आपण फार तावातावानं बोलू नये, याला आणखी एक कारण आहे. पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांची परंपरा मोठी, डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस काढलं ते परदेशी विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टा पाहूनच. तरी भारताचा पर्यटक व्हिसाही विद्यार्थी व्हिसात बदलून मिळत नाही. पुण्याला फिरायला आलेल्या केनियाच्या मुलाला इथल्या कॉलेजनं प्रवेश दिला, तरी त्याला मायदेशी जाऊन विद्यार्थी व्हिसा घेऊनच परत यावं लागतं. तेव्हा जगानं आपल्याला लावलेला नियम आपणही दुसऱ्याला लावतोच.

या पट्ट्यात सध्या सर्वांत मोठा धोका सरकारी खिडकीचा नाही, रस्त्याकडेच्या फलकांचा आहे. वाकडपासून निगडीपर्यंत परदेशी शिक्षणाचे सल्लागार पावलोपावली आहेत. त्यांतले बरेच नीट काम करतात. काही मात्र व्हिजिटर व्हिसावर नेऊन 'तिथं कन्व्हर्ट करून देतो' म्हणून पैसे घेतात. मुलगा तिथं पोचतो, अर्ज होत नाही, मुदत संपते, आणि "थांब, होईल" एवढंच फोनवर ऐकू येतं. अमेरिकेत मुदत उलटून १८० दिवसांहून जास्त राहून मग बाहेर पडलं तर तीन वर्षं, वर्ष वा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं बंदी. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी यंत्रणा सीमांवर सुरू झाली. पासपोर्टावरचे शिक्के मोजून दिवस लपवण्याचे दिवस संपले. ऑस्ट्रेलियाच्या कित्येक व्हिजिटर व्हिसांवर 'पुढे मुक्काम नाही' अशी ८५०३ क्रमांकाची अट आधीच छापलेली असते. व्हिसा हातात आल्यावर ती ओळ वाचा, असं सांगणारा एजंट विरळा.

कारखान्यांच्या एचआर विभागांनाही एक विनंती. ट्रेनिंगला माणूस पाठवताना तुम्ही त्याला विमा, भत्ता, थंडीचे कपडे, सगळं समजावता. त्याच बैठकीत दोन मिनिटं खर्चून व्हिसा कशाचा आहे आणि त्यावर काय होत नाही, हे सांगा. मुलगा शिकायला जाईल या धास्तीनं अनेक कंपन्या हा विषयच टाळतात. ज्याला जायचं तो जाणारच आहे. निदान कंपनीच्या नावावर घेतलेल्या व्हिसाचा गैरवापर तरी होणार नाही.

ट्रेनिंगचे ते आठवडे वाया जात नाहीत. बिझनेस व्हिसावर असताना विद्यापीठ बघता येतं, प्राध्यापकाला भेटता येतं, शिकणाऱ्या मराठी मुलांकडून घरभाड्याचे खरे आकडे कळतात. वर्गात नाव घालून राहता येत नाही, एवढंच. जर्मन विद्यापीठांच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची हिवाळी सत्राची मुदत १५ जुलैला संपते, मास्टर्सच्या काहींची त्याच्याही आधी, आणि एपीएस प्रमाणपत्राला वेळ लागतो. ज्याला पुढच्या ऑक्टोबरात तिथल्या वर्गात बसायचं आहे, त्यानं एपीएसचा अर्ज या दिवाळीच्या सुट्टीतच भरावा.